गंज न चढणाऱ्या सुऱ्याबाबत

मी, कुलदीप टिकाराम बांते, वय २९, रा. आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा, डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. किडन्या ठिकाणावर नाहीत, पण कायदा त्याईचं विचारत नाही. माह्यावर कोणाचा दबाव नाही. आई, पुष्पाबाई, मागं उभी राहून वाचून राहिली आहे, तेवढंच.

१. भट्टी, मुशी अन् घासायची मशीन माहा दोस्त भोजराज याले. मुशीत क्रोमियम घालून वितळवलेलं पोलाद गंजत नाही, हे आमी दोघं हात भाजून शिकलो. भोजराज, मूस थंडी झाल्याबिगर उघडू नको. तुले घाई असते.

२. तयार शिकारी सुरे विकून पैसे बायको हर्षाले द्यावे. शिकार तं बंद आहे, घेणारे भिंतीवर टांगतात. गावात एकानंच घेतला, त्यानं कोहळा कापला.

३. सागाच्या मुठीचा सुरा, माहा सगळ्यात चांगला, होणाऱ्या लेकराले. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात, तिथं हाच ठेवावा. मी तवा नसन.

इथं आई बोलली, "हे कलम काट. जे गंजत नाही ते लोखंडच नाही."

"लोखंडच आहे वं आई. पाह्य, चुंबक चिकटते."

"भूत काय चुंबक घेऊन येते? स्टीलले भेलं असतं तं आपले ताटं-वाट्या पाहूनच पळालं असतं. उशाखाली जुना अडकित्ताच राहीन."

आईची किडनी मले जुळली नाही, तवापासून तिचा नव्या कशावरच भरवसा नाही. तिच्यासंग काय भांडू? म्हणून सुराच गंजवायले घेतला. मिठाच्या पाण्यात ठेवला. धानाच्या बांधीतल्या चिखलात गाडला. लिंबाच्या लोणच्यात खुपसला. धुतला का पहिल्यासारखाच. माह्या हातानं केलेलं माह्याच हातानं बिघडत नाही. भोजराज म्हणे, "लयच चांगला करून ठेवला ना भाऊ तू."

४. कलम ३ मी काटत नाही, पण सक्तीही करत नाही. हर्षा, याच्यापायी आईसंग भांडू नको. सुरा लोणच्याच्या बरणीतच राहू द्यावा. भोजराजनं येता-जाता पाहावं. गंजाचा एक ठिपका जरी दिसला, तं आधी आईले दाखवावा.

सही: कुलदीप टिकाराम बांते
(डायलिसिसच्या सुया टोचलेल्या हातानं केली. वाकडी आहे, पण माहीच आहे.)

ठिकाण: आंधळगाव
दिनांक: ८ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:
१. नत्थू शेंडे, तुमसर
२. पुष्पाबाई टिकाराम बांते, कलम ३ सोडून