कॅसिमिर दादाचे पहिले तीन पत्ते

नँटिकोक, रविवार, जेवणानंतर

चि. लेनीस,

व्हेरोनिकाताईचे आशीर्वाद, तिकडच्या उन्हात वितळले नाहीत तर. तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या कॉलनीच्या तळ्यातली मगर अजून तिथेच आहे की समितीने तिला सभासद करून घेतलं? इथे थंडी आहे, घर तापवायची भट्टी खोकते आहे, आणि नवे पाद्रीबाबा प्रवचन इतकं लांबवतात की पुण्य आणि पाय दोन्ही गारठतात.

रविवारचा डाव अजून माझ्याच स्वयंपाकघरात बसतो. दादा, विधवा स्टेला पिंकोस्की, बस चालवून निवृत्त झालेला एडी झुबा आणि मी. (तू आता गोल्फवाला झालास म्हणून आठवण करून देते: दोन पत्ते पालथे, एक उघडा, आणि पुढचे चार यायच्या आधीच माणसाची अक्कल कळते.) आपल्या दादाची अक्कल तर गावाला पाठ. पहिल्या तीनांत जोडी नसेल तर हा पत्ते टाकून डाव सोडणार आणि बटाटा भरलेल्या पिरोगीकडे वळणार. त्याचं पोट म्हणजे त्याच्या संयमाचं स्मारक आहे. त्यामुळेच त्याचं नाव ‘दगड’. दगडाने पैसे वाढवले की नाणी टेबलावर पडायच्या आत स्टेला पत्ते टाकून उठायची आणि कॉफी कोणाकोणाला म्हणून विचारायची.

तर हा दगड पानगळीपासून दर हाताला वाढवतो आहे. पहिल्या तीन पत्त्यांवरच. आणि सगळे मुकाट्याने टाकताहेत. मला वाटलं, म्हातारा अखेर शहाणा झाला. जन्मभर साठवलेली अब्रू आता मोडून खातो आहे. मला कौतुकच वाटलं. (आपल्या घराण्यात लबाडीची गुणवत्ता सगळी तुझ्याकडेच गेली, असा माझा समज होता.)

मागच्या रविवारी किटली घेऊन त्याच्या मागून जाताना मला त्याचे पत्ते दिसले. दुर्री, नव्वी, आणि समोर गुलाम. रंगही तीन तऱ्हांचे. त्यावर त्याने वाढवलेलं. त्याने मान वळवली आणि हळूच विचारलं, “व्हेरे, आज हुकूम कुठला गं?”

लेनी, या खेळात हुकूम नसतो. हुकूम असायचा तो बाबा खाणीतून आल्यावर खेळायचे त्या पिनॉकलमध्ये. मी ‘बदाम’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तो समाधानाने मान डोलवून बसला, आणि स्टेला, एडी दोघांनी पत्ते टाकले.

स्टेलाची जीभ तुला ठाऊक आहे. तिला कळलं तर संध्याकाळपर्यंत गावभर. मग दादाला कुणी प्रेमाने ‘तू नुसता बघत बस हं’ म्हणणार. बायको गेली, गाडीच्या किल्ल्या मुलीने काढून घेतल्या. आता त्याच्याकडे उरलीय ती एक खुर्ची. म्हणून दादाचे कुणाला दिसायच्या आत मी घाईघाईने पत्ते गोळा करायला घेतले आणि टाकलेले पत्ते उलटायचे नाहीत हा बाबांच्या काळापासूनचा नियम धाब्यावर बसवून, तिने खरंच घाबरून टाकलेत का ते बघायला, स्टेलाचे उलटले.

तीन राण्या. पहिल्याच तीन पत्त्यांत. अशा राण्या स्टेला पोपसमोरही टाकणार नाही.

नंतर सिंकपाशी बशी पुसता पुसता ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “जन्मभर नाव कमावलंय त्यानं. आता खर्च करू दे की.” एडीने मान डोलवली आणि हातातली पिरोगी संपवली. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

जाताना दादा जिंकलेली नाणी टेबलावरच विसरतो, आणि आम्ही आपापली परत घेतो. एवढा प्रामाणिक जुगार पेनसिल्वेनियात दुसरीकडे नसेल.

बाकी सर्व क्षेम. मगरीला नमस्कार.

तुझी,
व्हेरा

ता. क. ईस्टरला ये. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, पत्र त्यासाठीच आहे. तू जन्मात कधी दादापुढे पत्ते टाकले नाहीस. तीन पत्त्यांत कचरा असला तरी शेवटपर्यंत ‘दाखव’ म्हणत हरत आलास. या खेपेला तेवढे टाक. एवढंच मागणं.

ता. क. २. पाकीट चिकटवलेलं फोडून लिहिते आहे. आत्ता दादा सूप प्यायला आला होता. मला आईच्या नावाने हाक मारली. तू येणार आहेस म्हटल्यावर मात्र ताठ बसला आणि म्हणाला, “लेनी नाही टाकायचा. हे सगळे हल्ली भित्रे झालेत, गंमतच गेली. तो म्हणेल ‘दाखव’.” इतका हसरा मी त्याला हिवाळाभर पाहिला नव्हता.

तेव्हा वरचं मागणं रद्द. तू ‘दाखव’ म्हण. पत्ते मी वाटणार आहे. त्याच्याकडे तीन राण्या कशा जातात ते माझं मी बघते. पाद्रीबाबांकडे पापाच्या कबुलीला त्याआधीच जाऊन येईन. तू फक्त हरायला ये.