काळपुळीची नळी

१२ डिसेंबर २००१, गुलबर्गा
नळी नाही!

दिल्लीहून हुकूम आलाय – प्रत्येक प्रयोगशाळेनं आपल्याकडचे घातक जंतू कळवायचे. अमेरिकेत पाकिटातून काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची, पूड पाठवून माणसं मारली, तेव्हापासून सगळे जागे झालेत. आमच्याकडे काळपुळीची एक बंद काचेची नळी आहे. होती. करजगीकडे मेंढरं पटापट मेली, त्या साली ठेवलेली. कागदोपत्री कुठेच नाही, पण फ्रीजच्या तळाशी मी स्वतः पाहिलीय. आज बघितलं तर जागा रिकामी. चावी आम्हा तिघांकडेच – मी, माझ्या हाताखालचा महांतेश आणि आमचे प्रमुख डॉक्टर श्रीपतराव.

डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, तसलं काही आपल्याकडं नव्हतंच, ‘निरंक’ लिहा. नव्हतं कसं? पण गुरुवारचा उपवास करणारा देवमाणूस, निवृत्ती तोंडावर आलेली. त्यांना झंझट नको असणार. मला मात्र चैन नाही.

१४ डिसेंबर
महांतेशच! दर शनिवारी गावी जाताना थर्मासात बर्फ भरून नेतो. कशाला, विचारलं तर नुसता हसतो. शिवाय हैदराबादच्या कुठल्याशा लसकंपनीत नोकरीची खटपट चाललीय. तिथं रिकाम्या हातानं कोण जातं?

१७ डिसेंबर
मला पाहिलं की खाली बघतो. चोराच्या मनात चांदणं.

झाडलोट करणाऱ्या रेणुकाबाईंना सहज विचारलं, हा फ्रीजपाशी घुटमळतो का. त्या उलट मलाच म्हणाल्या, "बाई, कामून त्या पोराच्या मागं लागलाव?" यांना काय माहीत!

१९ डिसेंबर
बेंगळूरला आमच्या खात्याच्या साहेबांना फोन केला. महांतेशचं नाव सांगून टाकलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

२२ डिसेंबर
पोलिसांनी स्टँडवर चारचौघांत त्याचा थर्मास उघडला. आत इन्सुलिन! आई चिंताकीला असते, तिथं वीज टिकत नाही म्हणून दर आठवड्याला ताजं नेतो. तरी त्याला ठाण्यात बसवून ठेवलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मनात आलं ते हेच – इन्सुलिनच्या आड दुसरंही नेता येतं की.

२६ डिसेंबर
महांतेशला कामावरून थांबवलं. ठरलेलं लग्नही मोडलं. मुलीकडचे म्हणे, रोगाच्या बाटल्या विकणाऱ्याला पोरगी द्यायची न्हाई. मला जेवण गेलं नाही. पण मग नळी गेली कुठे?

२८ डिसेंबर
संध्याकाळी डॉक्टर घरी आले, गाणगापूरचा प्रसाद घेऊन. खुर्चीत बसले. मग म्हणाले, "विजयश्री, त्या पोराचं सोडा आता. नळी मीच नेलो. असला हुकूम येणार कळलं तवाच. बिनकागदाची कामून ठेवली म्हणून माझं पेन्शन अडकलं असतं. गाणगापूरच्या संगमात सोडलो. भंगलेली मूर्ती सोडतो न्हाई का आपण, तसं. महाराज बघून घेतील."

साधी पातळ काच. उथळ पाणी, तळाला दगड.

ते गेल्यावर लगेच बेंगळूरला फोन लावला. माझा आवाज ओळखून साहेब म्हणाले, "आता कुणाचं नाव घेताय, बाई?" आणि फोन ठेवून दिला.

उद्या दत्तजयंती. पहाटेपासून हजारो माणसं त्या पाण्यात उतरतील आणि तीर्थ म्हणून ओंजळीनं पितील.