पिकअपचा खांदा

आई, परवा कुरिअरने आलं ते असं. इंजिनाचा सेन्सर एक, अठराशे चाळीस रुपये. त्याच्यासोबत रबरी कडं, ते फुकट. प्लग धुवायचा फवारा, दोनशे साठ. तुम्ही असता तर कोणतीही वस्तू हातात घेण्याआधी किंमत विचारली असती, म्हणून आधी तीच लिहिली. सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी काळी वस्तू. इंजिनात काय चाललं आहे ते तिला कळतं आणि ती गाडीला सांगते. ती बिघडली की गाडी धडधाकट असूनही चालत नाही. हे मला तुमच्या लहान्या सुनेने सांगितलं. तुम्ही तिला पाहिलं नाही. तुम्ही गेल्यावर नऊ वर्षांनी ती या घरात आली. आयटीआय शिकलेली आहे, मोटार मेकॅनिकचं. मॅट्रिक झालेली सून म्हणून तुम्ही मला गावभर मिरवलं होतं, ते आता कोणाच्या ध्यानात नाही.

खांदशेकणी उद्या आहे, त्यामुळे तुमची आठवण येणारच होती. गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचं काम गडीमाणसांचं. आपल्या घरी मामंजींचा हात मोडला त्या वर्षी ते तुमच्याकडे आलं आणि माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला तुम्ही ते मला दिलं. पितळेची वाटी, त्यात हळद आणि कोमट तूप, वर पळसाचं पान. मी बैलाला भिते. पानाचं टोक खांद्याला टेकवते आणि मागे सरते. तुम्ही ओट्यावरून पाहता आहात. "टिळा लावून राह्यली का? जू जिथं घासते तिथं रगड. वरवर करशीन त त्याले काय समजन?" सगळ्यांसमोर बोललात. मला रडू आलं होतं, पण मग मी असं रगडलं की बैलाने मान खाली घातली. त्यावर तुम्ही म्हणालात, "आता दे त्याले आवतन." आणि मी म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सायंकाळी वाटी घासून परत द्यायला आले तर म्हणालात, राहू दे तुझ्याजवळ. या घरात मला हाताने मिळालेली ती एकच वस्तू.

बैल विकले, पिकअप आली. पहिल्या वर्षी मी वाटी घेऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि हिचा खांदा कुठे म्हणून विचारलं. तुमचा लहाना हसला. "वैनी, हिचा खांदा झाकणाखाली." त्याने गंमत केली असेल. मी झाकण उघडायला लावलं आणि तुमचं बोलणं आठवून, जिथे काम होतं तिथे, इंजिनाला हळदतूप रगडलं. तेव्हापासून दर वर्षी. गाडी आठ वर्षं नीट चालली, तो माझ्या हाताचा गुण आहे असं मी मनात धरून होते.

यंदा धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती बंद पडू लागली. गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. एकदा नागभीडहून खताची पोती घेऊन येताना जंगलातच थांबली. त्या पट्ट्यात वाघ आहे. तुमचा लहाना काचा वर करून दीड तास आत घामाने भिजत बसला होता. नाक्यावरच्या मिस्त्रीने दोनदा पैसे घेतले, दोनदा फिल्टर बदलला आणि शेवटी चंद्रपूरला ओढून न्या म्हणाला. त्या दिवशी लहानी भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊ, थे सेन्सरचं काम दिसते. मागवून घ्या, घरीच बसवू." तुमच्या मोठ्याने लगेच मागवला. मी कुकर मागितला होता तेव्हा चार महिने विचार केला होता.

काल सकाळी अंगणात काम झालं. लहानीने पदर खोचला, बॅटरीची तार सोडली आणि मला म्हणाली, "बाई, मोबाईलचा उजेड धरा जरा." म्हणजे मी उजेड धरणारी. धरला. आम्हा दोघींची डोकी झाकणाखाली पाहून शेजारच्या काकू कुंपणाशी थांबल्या. "दोघी जावा मिळून काय शिजवून राह्यल्या वं?"

"भरीत, काकू. येता का जेवाले?" लहानी मान वर न करता म्हणाली.

"तुह्या हातचं भरीत डिझेलचंच लागन."

तुमचा मोठा चहा पिता पिता हसला. माझ्या बोलण्यावर तो असा कधी हसला ते मला आठवेना. लहानीने दहाच्या पान्याने एक बोल्ट काढला, सेन्सर थोडा फिरवून वर ओढला, मग त्याचा प्लग सोडवला आणि तिथेच थांबली. प्लगच्या आत पिवळं काहीतरी घट्ट बसलेलं. पिना हिरव्या पडलेल्या. तिने ते नाकाशी नेलं. जुन्या तुपाचा वास मलाही आला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"उजेड हालवू नका, बाई."

एवढंच म्हणाली. फडक्याने सगळं पुसलं, फवारा मारला, नव्या सेन्सरच्या कड्याला तेलाचं बोट लावून तो बसवला, बोल्ट आवळला. पिवळं झालेलं फडकं घडी करून कमरेला खोचलं. "काय झालं होतं वं?" तुमच्या मोठ्याने विचारलं. "जुनं झालं होतं भाऊ. रबर फुगलं, पाणी गेलं आत." रबर कशाने फुगलं ते सांगितलं नाही. लहाना गाडी घेऊन दोन तास फिरून आला, ती कुठेच थांबली नाही. तेव्हा तुमचा मोठा सगळ्यांसमोर म्हणाला, "आई असती त खांदशेकणीची वाटी इच्याच हाती देली असती." मी आत जाऊन वरण ढवळत बसले. वरण केव्हाच शिजलं होतं.

आज सकाळी मी फुलं तोडत होते तेव्हा ती जवळ आली. पिकअपच्या पुढे जो आकडा आहे, ओढायची दोरी बांधतात तो, त्याच्यावर तिने बोट ठेवलं. "बाई, उद्या इथी लावजा हळद. ओढाचं वजन याच्यावरच येते. इचा खांदा हाच." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, टोमणा आहे का म्हणून. नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. तिला माझी चूक सापडली, तिने ती झाकली, आणि वर माझा मान मलाच काढून दिला. हे तिघांनी करायचं काम तिने एकटीने केलं, आणि मला ती तेव्हापासून जास्तच नकोशी झाली आहे.

देवापुढे बसून मी म्हणते की मी जे केलं ते सेवा म्हणून केलं. तुम्हाला तसं सांगता येत नाही. मागच्या पोळ्याच्या दोन दिवस आधी लहानीने सगळ्यांसमोर एका बोटाने झाकणाची कडी सोडली आणि तेल तपासलं. ती कडी मला आठ वर्षांत एकदाही सुटली नव्हती. खांदशेकणीला मी वाटी दोनदा भरली. पळसाच्या देठाने तूप प्रत्येक फटीत, प्रत्येक तारेच्या मुळाशी कोंबलं. आवतन द्यायचंही विसरले. मला फक्त एवढंच हवं होतं की तिने पुन्हा झाकण उघडलं तर तिथे माझा हात तिच्याआधी फिरलेला दिसावा. तो तिला दिसला.

पत्र पोथीत ठेवते आहे, कारण टाकायला पत्ता नाही. वाटी चिंचेने घासून तयार आहे. खांदशेकणी उद्या सायंकाळी. वाटी माझ्याच हाती ठेवू की तिच्या हाती देऊ, हे मला ठरवता येत नाही. तुमच्याकडून काही आलं नाही तर मला माझ्या मनाने करावं लागेल, आणि ते मन कसं आहे ते वर लिहिलंच आहे. म्हणून दोनच ओळी लिहा, पण उलट टपाली कळवा.