खालचा ट्रे

१० मार्च, मंगळवार

भिंगरी,

आशीर्वाद. इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. तुझ्या आईचा डॉक्टर बदलला, गोळ्या बदलल्या, गुडघा तोच आहे. माझं विचारू नकोस, मला काही होत नाही.

तुझा लिफाफा मिळाला. पुढच्या वेळी प्रश्नांचं एवढं जाड बाड पाठवू नकोस. पोस्टमनने विचारलं, कोर्टाचं समन्स आलंय का म्हणून. राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनात एम.ए. करतेस, चांगलं आहे, चार लोकांत सांगताना मलाही बरं वाटतं. पण लोकप्रशासन म्हणजे काय हे सातवी पास आत्याला विचारायचं असतं का? मी ते दहा वर्षं झाडलं आणि पुसलं. मग अक्षर बरं म्हणून वीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या आवक टेबलावर बसून रजिस्टरात चढवलं. एवढंच मला माहीत.

तरी मागितलंस म्हणून लिहिते. प्रश्न एक: कागद खिडकीतून येतो, त्यावर शिक्का, नंबर, तारीख. मग रजिस्टरात नोंद. मग ट्रेमध्ये. ट्रेमधून साहेबांच्या टेबलावर, आणि तेव्हा पुन्हा तारीख टाकायची. प्रश्न दोन: दिवसाला साठ-सत्तर, उन्हाळ्यात शंभराच्या वर. प्रश्न तीनमध्ये ‘हितसंबंधी घटक’ लिहिलंयस, ते कोण? मी, साहेब, की रांगेत उभा असलेला म्हातारा? नीट मराठीत विचार, मग सांगते. चार, पाच, सहा मागच्या पानावर आहेत. सात राहिला, तो जमला तर नंतर.

तू लिहितेस, तुमच्या पुस्तकांत म्हणे चांगला कारकून तो, ज्याला कागद दिसतो, कागद देणारा दिसत नाही. बरोबर लिहिलंय. मी तशीच होते. हे घाल हवं तर.

‘अर्जांच्या निकालातला विलंब’ हा विषय तू का घेतलास ते कळायला मला कॉलेज नको. पंपहाउसमधल्या क्लोरीनच्या खोलीतून बदली मिळावी म्हणून तुझ्या बापाने अर्ज केला, साहेबाने तो दाबून ठेवला, आणि सहा वर्षांपूर्वी तुझा बाप त्याच खोलीतल्या गळतीने गेला. आपल्या घरात हे असंच सांगतात. तुझी आई त्या साहेबाची आठवण निघाली की अजून भांडी आपटते. पण आता तो रिटायर झाला. त्याला उकरून काय मिळणार? कचऱ्यावर लिही, नळावर लिही. तीस एप्रिलपर्यंत प्रबंध द्यायचा आहे ना, मग विषय बदलायला अजून वेळ आहे.

जेवत जा.

तुझी,
आत्या


२४ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद. आई बरी आहे.

तू कॉलेजच्या सुट्टीचा दिवस बघून माझ्याच जुन्या ऑफिसात आलीस, रेकॉर्डरूममध्ये बसलीस, पानांच्या झेरॉक्स काढल्यास आणि घरी न येता परत गेलीस. हे मला भाजीवाल्याकडून कळलं. आईला मी सांगितलेलं नाही. आलीस तर घरी यायचं, एवढी साधी रीत आहे.

प्रश्न सात तू पुन्हा पाठवलायस, या वेळी खाली रेघ मारून. ‘एखादा अर्ज आवक टेबलावर जास्तीत जास्त किती दिवस राहिला आणि का?’ सोबत पानाची झेरॉक्स. तुझ्या बापाचा अर्ज, आला दोन जानेवारीला, पुढे गेला बारा फेब्रुवारीला. हो, अक्षर माझंच आहे. त्यात विचारायचं काय?

त्या दिवसांत साहेब रजेवर होते. साहेब नसले की कागद आमच्याकडेच पडून राहतो. हेच उत्तर आहे. लिही आणि मोकळी हो.

स्वेटर विणायला घेतलाय. रंग आवडला नाही तर सांगू नकोस, लोकर आणून झाली.

आत्या


९ एप्रिल, गुरुवार

भिंगरी,

तुझं चार ओळींचं पत्र आलं. “आत्या, हजेरीपट बघितला. साहेब त्या काळात एक दिवसही रजेवर नव्हते. चौथं प्रकरण मला लिहिता येत नाही. मी परीक्षा सोडतेय.”

परीक्षा सोडायची नाही. आधी ते डोक्यातून काढ, मग पुढचं वाच.

तू शाळेत जात होतीस तेव्हाची गोष्ट. शेजारच्या बाईचा नळाचा अर्ज मी वर ठेवला. मुद्दाम ठेवला, खोटं कशाला बोलू. घरात तान्हं मूल होतं तिच्या. कोणीतरी तक्रार केली. साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, “बाई, हे तुमचं घर नाही.” लेखी ताकीद दिली. झाडूवरून टेबलावर आलेल्या बाईला लेखी ताकीद म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. मी त्या दिवसापासून दोन ट्रे केले. वरचा सगळ्यांचा. खालचा ओळखीच्यांचा: शेजारी, नातेवाईक, आमच्याच खात्यातले. वरचा रिकामा झाला की मगच खालच्याला हात लावायचा. कोणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. त्यानंतर माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. माझ्या निरोपाच्या दिवशी भाषणातही तेच बोलले, बाईंनी कधी आपला-परका केला नाही.

वरचा ट्रे फार कमी वेळा रिकामा व्हायचा. साठ-सत्तर कागद रोज, मी आधीच लिहिलंय.

दोन जानेवारीला तुझा बाप रांगेतून खिडकीशी आला. सोबत डॉक्टरची चिठ्ठी: फुप्फुसं खराब झालीत, क्लोरीनपासून लांब ठेवा. आमचं ठरलेलं होतं, ऑफिसात मी त्याची ताई नाही आणि तो माझा धाकटा नाही. तो मला मॅडम म्हणायचा. मीही त्याला अहो-जाहो करायची. आणि घरी ऑफिसच्या कागदाचं नाव काढायचं नाही. हा नियम दोघांचा होता, पण केला मी.

मी शिक्का मारला, नंबर टाकला, कागद खाली ठेवला.

दर गुरुवारी त्याची दुसरी पाळी असायची, म्हणून तो सकाळी खिडकीवर यायचा. रांगेत उभा राहायचा, पुढे कधी घुसला नाही.

“मॅडम, माझ्या अर्जाचं काय झालं?”

“चालू आहे. क्रमाने होईल.”

“बरं.”

एकदा मागच्या माणसाने त्याला म्हटलं, “अहो, ही बाई दगड आहे, हिच्याशी गोड बोलून काही होत नाही.” तुझा बाप हसला आणि म्हणाला, “मला विचारा.” हसताना त्याला खोकला आला. तो खिडकीच्या कट्ट्याला धरून उभा राहिला आणि मी पुढच्याला म्हटलं, “हं, बोला.”

रात्री तो माझ्याशेजारी बसून जेवायचा. तू समोर असायचीस, तुझा अभ्यास चालायचा ताटातच. तो खोकला की तुझी आई म्हणायची, “अहो, एकदा ताईंना विचारा ना, तुमचा अर्ज कुठे अडकलाय.” तो म्हणायचा, “ऑफिसचं ऑफिसात.” मी पाणी पुढे करायची.

असे पाच गुरुवार झाले.

बारा फेब्रुवारीलाही गुरुवार होता. तो आला नाही. एकाच्या जागी डबल ड्यूटी लागली होती. अकरा वाजता पंपहाउसमधून फोन आला. सिलिंडर गळला, बाकीचे दोघे धावत बाहेर पडले, हा दोन पायऱ्या चढला आणि बसला. त्याला पायऱ्या चढवेनात, हे चिठ्ठीत लिहिलंच होतं. दवाखान्यात नेलंय, लगेच निघा, असं फोनवरचा म्हणाला.

आता जे लिहिते ते कोणाला सांगितलेलं नाही.

मी फोन ठेवला. खालच्या ट्रेमधून त्याचा अर्ज काढला. त्याच्यावर तीन कागद होते. रजिस्टर उघडलं, त्याच्या नोंदीसमोर तारीख टाकली, सही केली, आत जाऊन कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. परत येऊन पेनाला टोपण लावलं. मग पिशवी घेतली आणि दवाखान्यात गेले. दहा मिनिटं गेली असतील. पोचले तेव्हा चादर ओढलेली होती. दहा मिनिटांनी काही फरक पडला असता का, मला माहीत नाही. मी नर्सला विचारलं नाही.

का केलं असं, ते तू विचारशील. हात चालले, एवढंच सांगता येतं. डोक्यात काही नव्हतं. अजूनही तिथे काही नाही. बाकीच्यांना वाटतं ही बाई खंबीर आहे. तेराव्या दिवशी मी कामावर होते.

तेव्हा अर्ज परत माझ्या ट्रेमध्ये येऊन पडला होता. साहेबांनी समासात लिहिलं होतं, ‘अर्जदार मयत. प्रकरण बंद.’ साहेब बदल्यांवर दर सोमवारी सह्या करायचे. सव्वीस जानेवारीची सुट्टी सोडली तरी दोन जानेवारीनंतर पाच सोमवार गेले. म्हणजे साहेबाने काही दाबलं नव्हतं, त्याला कागदच मिळाला नव्हता. तुझ्या आईने पहिल्यांदा त्याला शिव्या घातल्या तेव्हा मी हो म्हटलं. मग सहा वर्षं हो म्हणत राहिले. सोपं होतं.

म्हणून प्रश्न सात: एक्केचाळीस दिवस. कारण, अर्जदार आवक लिपिकाचा भाऊ होता.

याला ‘यंत्रणेचा दोष’ वगैरे नाव देऊ नकोस. तुमच्या पुस्तकातला तो चांगला कारकून मीच, ज्याला कागद देणारा दिसत नाही. मला मात्र तो दिसत होता. दिसत होता म्हणूनच खाली ठेवला. हा फरक तुझ्या सरांना नीट समजावून सांग, तो पुस्तकात नसेल.

सोमवारी तुझ्या आईला सांगितलं. ती कपडे घड्या करत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, बसून सांगण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, “किती?” मी म्हटलं, “एक्केचाळीस.” तिने हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली. स्वयंपाक करते, माझं ताट वाढते, स्वतः मागाहून जेवते. काल दारातून म्हणाली, “पोरीला लिहा, शिक्षण सोडायचं नाही म्हणावं.” तोंड माझ्याकडे नव्हतं. निरोप तिचा आहे, म्हणून जसाच्या तसा पोचवते.

तू मला काय म्हणावंस याबद्दल मी काही मागत नाही. सुट्टीत आलीस तर तुझी आई वाट बघतेय. मी समोर नको असेन तर तसं कळव, मी चार दिवस कुठेही राहीन, त्याचा गाजावाजा नको.

तुझ्या बाडात शेवटच्या पानावर लिहिलंय की माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवण्यात येईल, तसं हवं असल्यास चौकटीत खूण करावी. चौकट मी कोरी ठेवली आहे. हे पत्र चौथ्या प्रकरणाला जोड. सरांना माझी लेखी संमती लागेल, ती इथेच देते.

लिहून देते की वरचा मजकूर मी स्वतः लिहिला आहे, पुन्हा वाचून पाहिला आहे, तो खरा आहे. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला हवा होता, सहा वर्षांपूर्वी.

अर्जदाराची थोरली बहीण