डोंगऱ्याचं सोंग

खालची वाडी, म्हशाजवळ
१२ एप्रिल २००४

प्रिय भूमिका,

पत्र जनामावशीच्या हाती पाठवतेय. ती लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला निघालीये, तुझ्या होस्टेलच्या दारात स्वतः नेऊन देईन म्हणाली. फोन केला असता, पण म्हशाच्या एसटीडीवाल्याचे कान केवढे लांब आहेत ते तुला ठाऊक आहे. आपण तिकडे बोलायचं आणि आपण घरी पोचायच्या आधी बातमी वाडीत. म्हणून लिहायला बसलेय. अंगणवाडीतली पोरं पांगली, खिचडीचं पातेलं घासून उपडं घातलं आणि पोरांच्याच वहीचे कागद फाडून घेतलेत. अक्षराला हसू नकोस. सातवी झाल्यावर मी लांबलचक असं काही लिहिलंच नाही.

आधी बाबाचं सांगते, कारण तू पहिलं तेच शोधशील. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. पंधरा दिवसांपूर्वी ओट्यावर बसला होता. मी डाव्या हाताला चहा ठेवला, तर उठताना त्याने कप लाथाडला. मी ओरडले नाही. एरवी मी चमचा पडला तरी घर डोक्यावर घेते, त्यामुळे माझ्या गप्प राहण्यानेच त्याला जास्त लागलं असणार. ऑपरेशनसाठी सोमवारी, एकोणीस तारखेला, मुंबईच्या हॉस्पिटलात हजर व्हायचंय. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यादेखतच सांगितलं होतं, गेलेली नजर परत येईलच असं नाही, पण उरलेली वाचेल. ही तारीख हुकली तर पुढची तीन महिन्यांनी, आणि तोवर काय उरेल ते त्या सांगू शकत नाहीत. आणि तुझा बाबा येत नाही म्हणतो. समजावून समजावून माझी जीभ झिजली. दगडाला पाणी घातल्यासारखं झालंय.

तुला वाटेल, ऑपरेशनला घाबरला. तसं असतं तर बरं होतं गो. भीतीवर औषध असतं, चार माणसं बोलून भीती काढतात. हे दुसरंच आहे, आणि ते नीट सांगायचं तर मला म्हशाच्या जत्रेपासून सुरुवात करावी लागेल. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, बाबाच्या खांद्यावर झोपून गेली होतीस, त्यामुळे तुला सगळं ऐकूनच माहीत.

ब्याण्णवची जत्रा. बैलबाजाराच्या मागे तंबूतलं टॉकीज लागलं होतं आणि त्यात एकच चित्रपट, जुना, काळापांढरा, विलायती, पण बोलायचे हिंदीत. खाणीत सुरुंग लावतात आणि डोंगराच्या पोटात झोपलेला राक्षस जागा होतो. माणसासारखाच, पण जबडा पुढे आलेला, हात गुडघ्यापर्यंत लोंबणारे, पंजे फावड्यासारखे. त्याला बोलता येत नाही. गावात येतो, कुणाच्या दाराशी उभा राहतो, लोक पळतात. शेवटी सगळे मिळून त्याला दगडांनी मारत नदीत ढकलतात, आणि तो नुसता हात पुढे करतो. तंबूतल्या बाया हमसून रडल्या. सकुबाई आत्या तर उठून उभी राहिली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, अरे मेल्यांनो, झोपला होता ना तो, तुमीच उठवलात ना. पडद्यावरच्या लोकांनी काही ऐकलं नाही. चित्रपटाचं नाव इंग्रजीत होतं, ते कुणालाच वाचता आलं नाही. आमी त्याला डोंगऱ्या म्हणालो आणि तेच राहिलं.

येताना पायी येत होतो. तुला माझ्या कडेवर देऊन तुझा बाबा डोंगऱ्यासारखा चालून दाखवायला लागला. हात सोडून, मान पुढे काढून, एक पाय ओढत. हसून हसून आमच्या पोटात दुखलं. मागून धाकलू पाटील बैलगाडीतून येत होते. त्यांनी गाडी थांबवून बघितलं आणि पुढे गेले.

आपल्या बोहाड्याची रीत तुला माहीत आहे, पण शहरातल्या मैत्रिणींना सांगशील तर त्यांना खरं वाटणार नाही. चैत्रात मुखवटे घालून देवाची, राक्षसांची सोंगं नाचतात, आणि प्रत्येक सोंगाला घर आहे. गणपती पाटलांचा, रावण शेलारांचा, त्राटिका वरच्या आळीची. आजापासून नातवाकडे जातं, दुसरं कुणी अंगाला लावू शकत नाही. आपल्या खालच्या वाडीला एकही सोंग नव्हतं. आपल्या माणसांनी मशाली धरायच्या आणि तेल संपलं की शिव्या खायच्या. माझ्या सासऱ्यांनी तेच केलं, त्यांच्या बापानेही. पण डोंगऱ्या कुणाच्याच आज्याचा नव्हता. तंबूतून आलेला, नवा, बेवारस. पाटील म्हणाले, पोरं सगळी त्याच्याच मागे आहेत, तर बोहाड्यात घ्या, आणि दामू चालतो बरा, त्यालाच द्या. आमी तेव्हा वाशिंदकडच्या वीटभट्टीवर होतो. पाटलांचा माणूस नारळ-सुपारी घेऊन भट्टीवर आला. भट्टीवर, भूमिका. कामाला ने-आण करायला मुकादम यायचा, बाकी आपल्या झोपडीपर्यंत आवतण घेऊन त्याआधी कुणी आलं नव्हतं. तुझ्या बाबाने सुपारी घेतली आणि दिवसभर हातच धुतले नाहीत.

त्यानंतर काय झालं ते तूच बघत मोठी झालीस. तंबू दर साली तोच चित्रपट आणायचा, कारण दुसरा कुणाला नकोच होता. आया पोरांना सांगायच्या, जेव, नायतर डोंगऱ्या येईल. कालव्याला पहिला जेसीबी आला तर पोरं डोंगऱ्या डोंगऱ्या ओरडत मागे धावली. टेम्पोच्या मागे तोंड रंगवलेलं, किन्हवलीच्या गणपतीत देखावा, आणि आता आपल्या धाकट्या संदेशच्या क्रिकेट टीमच्या बनियनवर. टॉकीज बंद होऊन तीन वर्षं झाली. टीममधल्या निम्म्या पोरांनी तो चित्रपट बघितलेला नाही, पण चालून मात्र सगळे दाखवतात. ते चालतात ते पडद्यावरच्यासारखं नाही, तुझ्या बाबासारखं.

आता जे सांगतेय ते माझ्या तोंडून निघत नाही. शहाण्णव-सत्त्याण्णवपासून त्याच्या चपला लहान पडायला लागल्या. आठ नंबरच्या नऊ झाल्या, मग दहा, मग शहापूरच्या चांभाराकडून मापाने करून घ्यायला लागलो. दातांत फटी पडल्या, हनुवटी पुढे आली, आवाज घोगरा झाला. अंगणवाडीतली पोरं त्याच्या पंज्यात आपले दोन्ही हात घालून खेळायची. आणि लोक म्हणाले, सोंग अंगात उतरलं. देवाने रूप दिलं. नव्व्याण्णवला त्याने मुखवटा काढूनच ठेवला, गरज उरली नव्हती. त्या साली त्याच्या पायावर वरच्या आळीच्या बायांनी पोरं घातली. मीही नारळ फोडला, भूमिका. तुझ्या आईने. त्याचं डोकं दुखायचं, दुकानातल्या गोळ्या खाऊन पडून राहायचा, घामाने गोधडी भिजायची, आणि मी म्हणायचे, सोंग पेलायचं म्हणजे एवढं होणारच. माणूस माझ्या डोळ्यांसमोर आजारी पडत होता आणि मी हळदकुंकू वाहत होते.

मग दिवाळीत तू तुझ्या नर्सिंगच्या पुस्तकातल्या फोटोची झेरॉक्स घेऊन आलीस. कोण कुठला गोरा माणूस, पण तोंड आपल्या घरातलं. तू रडत होतीस आणि तुझा बाबा फोटो नाकाजवळ धरून म्हणाला, यानं पण पिक्चर बघितला काय गो. आमी तिघंही हसलो. नंतर मी न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबला. हॉस्पिटलात सांगितलं, नाकाच्या मागे, डोक्यात करवंदाएवढी गाठ आहे, तीच हाडं वाढवते, तीच डोळ्यांच्या शिरेवर बसलीये. सात-आठ वर्षांपूर्वी आला असतात तर, असं म्हणून डॉक्टरीणबाई थांबल्या. त्या थांबल्या ते बरं केलं.

ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी बोहाड्याची. तो म्हणाला, सोंग झाल्यावर जाऊ. मी म्हटलं, पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे. तो म्हणाला, बारा वर्षं दिलं, आता एका गाठीपायी सोडू? मी रडून झाले, भांडून झाले, दोन दिवस चूल पेटवली नाही. तो बाजूच्या घरून भाकरी मागून आणायचा, माझ्यासाठी पण. एकदा मला म्हणाला, मैना, नजर गेली तर तू हाताला धरशील, पण सोंग गेलं तर आमी परत मशालवाले. तो खोटं बोलत नव्हता.

म्हणून तीन तारखेला, शनिवारी, तो बकऱ्या घेऊन गेला असताना, मी नारळ आणि सुपारी घेतली आणि पाटलांच्या ओट्यावर ठेवली. नारळ-सुपारी अशी परत ठेवली म्हणजे सोंग सोडलं, घरातल्या कुणीही ठेवली तरी चालते, आणि एकदा परत केलेलं सोंग त्या घराला पुन्हा मिळत नाही. पाटलांनी तीनदा विचारलं. नीट विचार केलायस का, मैना? मी तिन्ही वेळा हो म्हटलं. त्यांच्या पाया पडून सांगितलं, माझं नाव घेऊ नका, गावाने काढून घेतलं म्हणा. म्हातारा चांगला माणूस गो. रविवारी त्यांनी चावडीवर सांगितलं की डोंगऱ्या यापुढे त्यांचा पुतण्या प्रज्वल नाचेल. प्रज्वलने कल्याणहून रबराचा मुखवटा आणलाय. तुझ्या बाबाने भर चावडीत पाटलांना नाही नाही ते ऐकवलं, आमची पोरं तुमच्या मशाली धरणार नाहीत म्हणाला. पाटील खाली मान घालून ऐकत राहिले. मी बायांच्या मागे उभी राहून सगळं ऐकलं.

मला वाटलं होतं, सोंग गेलं की अडून बसायला काही उरणार नाही, रागारागात का होईना, पण हॉस्पिटलात येईल. माझं गणित चुकलं. आठ दिवस झाले, तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. जेवतो, विचारलं तर बोलतो. ऑपरेशनचं काढलं की म्हणतो, आता डोळे ठेवून बघायचं काय? प्रज्वलला? ओरडूनसुद्धा नाही म्हणत, साधं म्हणतो. संदेश पाया पडला, सकुबाई आत्या येऊन शिव्या घालून गेली, काही उपयोग नाही. अडवणारं होतं ते मी काढलं, आणि त्याच्यासोबत त्याला उठवणारंही गेलं.

तीनदा त्याच्यासमोर बसले सगळं सांगायला. पहिल्यांदा शेजारीण साखर मागायला आली, ते एक बरंच झालं. दुसऱ्यांदा त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, गाव आपलं नव्हतंच मैना, तू तेवढी माझी. त्यानंतर कसं सांगू? तिसऱ्यांदा तर मी बकरीला पाला घालायचाय म्हणून उठूनच गेले. सोळा वर्षांच्या संदेशवर हे ओझं टाकणार नाही. पाटील सांगायला तयार आहेत, पण तुझा बाबा त्यांचं ऐकून घेणार नाही. म्हणून तुला लिहिलं. शनिवारी ये. आल्या आल्या हातपाय धुऊन त्याच्याजवळ बस आणि सांग, की सोंग गावाने नाही काढलं, आईने विकल्यासारखं नेऊन दिलं. मला वाचवायला शब्द फिरवू नकोस, आईचा नाइलाज होता वगैरे बोलू नकोस, त्याला दया आली तर तो परत झोपून राहील. राग येऊ दे. तो उठेल, ओळखते मी त्याला. या घरात राहायचं नाही म्हणेल, तेव्हा तू त्याची पिशवी उचल. मी कपडे, कागद, एक्स-रे, सगळं भरून दाराशी ठेवलंय. मुरबाडवरून कल्याणची सकाळची एसटी आहे. त्याच्या डाव्या बाजूने चाल, त्या बाजूचं त्याला आणखी कमी दिसतं. मी सोबत येणार नाही, मला बघून तो मागे वळेल. तिथे सही कुणाची लागेल ते विचारून घे, तुला अठरा पूर्ण झालीत. ऑपरेशन झाल्यावर त्याने माझं नाव काढलं नाही तर तूही काढू नकोस. मला फक्त एवढं कळव, की पट्टी सोडल्यावर त्याला किती दिसतं.

तुझीच,
आई