चौथा टाका

३ मार्च

खट् खट् खट् — कुईं.

सकाळी या आवाजानं जाग आली. क्षणभर वाटलं, आईच शिवायला बसलीय. मग उमगलं, सूनबाईनं आईचं शिलाई मशीन माळ्यावरून काढून चालवून पाहिलंय. इतकी वर्षं झाली, चौथ्या टाक्याला ते अजून कुरकुरतं. अगदी तालात, वृत्त सांभाळावं तसं.

सूनबाई म्हणाली, "बाबा, कवीकाकांना बोलावू का? तेल घालून देतील."

"नको. त्याचे गुडघे दुखतात."

गुडघे माझेही दुखतात. कारण ते नव्हतं.

४ मार्च

माझा धाकटा भाऊ जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त करत आला. त्याला सगळे कवी का म्हणतात, हे आता कुणालाच ठाऊक नाही. सूनबाईला ते लाडाचं नाव वाटतं.

मला ठाऊक आहे.

७ मार्च

दोन दिवस पान कोरं ठेवलं. आता लिहून टाकतो.

मी सातवीत, तो पाचवीत. कविता म्हणायला गुरुजी नेहमी मलाच उठवायचे. ऐंशीएक पाठ होत्या. त्यांतली एकही माझी नव्हती. त्या दिवशी गुरुजींनी आमच्या वर्गात धाकट्याची कविता वाचली. 'तीन टाके हसते मशीन, चौथ्या टाक्याला रडते.' वर्ग गप्प झाला. माझ्यासाठी कधी झाला नव्हता.

"काय रे, पाहिलीस भावाची करामत?"

मी उठलो. "गुरुजी, ही मी एका जुन्या मासिकात वाचलीय."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर उडवून लावलं असतं. मी म्हटलं, म्हणून खरं झालं. त्याला बोलावून सगळ्यांपुढे उभं केलं. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. मधल्या सुट्टीपासून पोरांचं सुरू — चोरकवी, चोरकवी! पुढे चोर गळला, कवी उरला.

८ मार्च

खरी लाज काल लिहिलीच नाही. घरी आईनं विचारलं, "कसली रे कविता?" मी म्हटलं, "पावसाची." मशीनची म्हटलं असतं तर ती त्याचीच आहे, हे तिला तिथल्या तिथे कळलं असतं. तिला वाचता येत नव्हतं, ऐकू येत होतं. धाकटा शेजारीच जेवत होता. मान वर केली नाही. पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

पुढे तो एवढा कारागीर झाला, पण आईनं आपल्या मशीनला त्याला कधी हात लावू दिला नाही. माझ्या खोट्यानं तिचा त्याच्यावरचा विश्वासच उडवला.

पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. माफी मागतानाही यमक जुळवतोय मी!

१० मार्च

कडी वाजली. दारात धाकटा, काठी टेकून. हत्यारांची पेटी नाही.

"सूनबाईचा फोन आला. मशीनला तेल घालू देऊ नकोस, एवढं सांगायला आलोय."

मी म्हणालो, "अरे, ती कविता —"

"आईला त्याच संध्याकाळी म्हणून दाखवली होती, दादा. म्हणाली, दादाला कळू देऊ नकोस, फार लाजेल. त्या कवितेसाठीच तर मशीनची कुरकुर काढू दिली नाही तिनं. सरक आता, किती वेळ उभा राहू?"