सिंधूच्या आईची खरी गोष्ट

लातूर, वैशाख १९८३

सौ. साखराबाईस थोरल्या भावाचा, नरसिंगचा, अनेक आशीर्वाद.

लेक सिंधू खुशाल आहे. आठवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आपली विहीर आटली, म्हणून मीच तिच्या खोलीवर येऊन राहिलो. ती नव्या जिल्हा कचेरीत जाते, मी टँकरच्या रांगेत. बाया विचारतात, "आजोबा, घरात बाईमाणूस न्हाई का?" मी म्हणतो, "हाय, पण आठव्या महिन्याची हाय." मग हसून पुढे जाऊ देतात.

तुझे गुडघे कसे आहेत?

काळजी करू नको, पण एक झालं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सिंधूला विचारलं, "तुझ्या आईचं बाळंतपण कसं झालं होतं?" ती म्हणाली, "सुखरूप. आई नंतर तापानं गेली." तिच्या मनाला लागू नये म्हणून आपणच तिला तसं सांगत आलो ना! तरी बोललो, "न्हाई बाई, हिच्याच वेळी लई रक्त जाऊन गेली." बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. हिला आधीच भरती करून घेऊ."

घरी येऊन सिंधूनं विचारलं, "मग मला दूध कुणी पाजलं?" मी तुझं नाव सांगितलं. खूप रडली. मग म्हणाली, "आत्याला बोलवा."

आपल्या गावच्या सटवाजीला म्हणावं, सिंधूच्या जन्माच्या वेळी दोस्तासाठी बैलगाडी घेऊन धावलास, तुझे उपकार विसरलो नाही. आता साखराला तेवढं लातूरच्या एस.टी.त बसवून दे.

पाणी मी भरीन, भाकरी मी करीन. तू नुसती तिच्याजवळ बस. मला भ्या वाटतं, हे मात्र तिला सांगू नको.

तुझी वाट पाहणारा,
नरसिंग